सीप्झची भिंत आणि कोंडिवट्याचे जुने ख्रिस्तमंदिर

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या पोटात, एक भिंत आहे. तिच्या दारावर पहारा असतो, आत जाणाऱ्याला पास दाखवावा लागतो आणि बाहेर येणाऱ्याची झडती होऊ शकते. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर भिंतीच्या आतील भूमी भारताच्या जकातीच्या हद्दीबाहेरची आहे. तिथला माल अंधेरी स्थानकाकडे आणणे म्हणजे तो जणू परदेशातून आयात करणे. या भिंतीच्या आत, कारखान्यांच्या गाळ्यांच्या शेजारी, एका जुन्या ख्रिस्तमंदिराचे भग्नावशेष उभे आहेत. वर्षातून एकदा, मे महिन्यात, मरोळ आणि आसपासच्या गावठाणांतील ईस्ट इंडियन बंधुभगिनी परवानगी काढून आत जातात आणि छप्पर नसलेल्या त्या मंदिरात पवित्र मिस्साबलिदानात सहभागी होतात.

काही वर्षांपूर्वी मी त्या मिस्साला प्रथम गेलो. लुगडे नेसलेल्या वृद्ध स्त्रिया रांगेने दारातून आत जात होत्या. माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी मला सहज सांगितले, “फादर, इथं आमचं भाताचं शेत होतं.” त्या बोटाने जिथे दाखवीत होत्या तिथे काचेच्या खिडक्यांची एक इमारत होती. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि कदाचित म्हणूनच ते वाक्य माझ्या मनात राहिले. ही भिंत इथे का आली, कोणाच्या डोक्यातून आली आणि तिने काय दिले, काय नेले, याचा शोध घ्यावा असे त्या दिवसापासून वाटत होते. प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा परिपाक आहे.

आधी मंदिराविषयी. साष्टी बेट १५३४ च्या तहाने वसईबरोबर पोर्तुगिजांकडे आले. त्यानंतर येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ साली कोंडिवटे येथे संत योहान बाप्तिस्ताच्या नावाने हे मंदिर उभारले आणि १५८८ मध्ये ते भाविकांसाठी खुले झाले. कोंडिवटे हे नाव वाचकांना महाकालीच्या लेण्यांमुळे ठाऊक असेल. ती बौद्ध लेणी या मंदिराहून दीडएक हजार वर्षांनी जुनी आहेत आणि फार दूर नाहीत. १७३९ मध्ये वसईबरोबर साष्टीही मराठ्यांकडे गेली, १७७४ मध्ये इंग्रजांकडे आली. मंदिर चालूच राहिले. मग १८४० साली गावात साथ आली. माणसे इतकी दगावली की उरलेल्यांनी गाव सोडले आणि तेव्हाचे धर्मगुरू जोझे लोरेन्सो पाइश यांनी धर्मग्राम मरोळला हलविला. खांब, पुतळे, बाप्तिस्म्याचे कुंड असे जे जे नेण्याजोगे होते ते नेण्यात आले. मागे भिंती राहिल्या, आणि त्यांवर रान चढले.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते वाटते तितके विषयाबाहेरचे नाही. या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपण होऊन घेतले. कोकण-गोव्याकडून आगबोटीने येणारे ख्रिस्ती लोक सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांत स्पर्धा करू लागले होते, आणि आपण इथले मूळचे आहोत, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून तिच्या चाकरीत आहोत, हे इंग्रज साहेबाला स्मरून द्यावे हा त्यामागील हेतू होता. म्हणजे एका निर्यात-आयात करणाऱ्या कंपनीचे नाव या समाजाने धारण केले, तेही ती कंपनी बरखास्त झाल्यावर. परदेशी व्यापार आपल्या दारात येतो तेव्हा तो नुसता माल घेऊन येत नाही, हे आपल्या लोकांना सीप्झच्या कितीतरी आधी कळले होते. वसईचा दगड गोव्याच्या ख्रिस्तमंदिरांना लागला आहे. निर्यात हा शब्द आपल्याला नवा नाही. असो.

आता ही भिंतीची कल्पना. तिचा उगम शोधू जाता आपण एका अनपेक्षित ठिकाणी पोहोचतो: आयर्लंडच्या पश्चिमेला, शॅनन नदीच्या मुखाशी. जकातमाफ बंदरे युरोपात फार जुनी आहेत आणि सिंगापूर १८१९ पासून तसेच वाढले. परंतु तिथे माल उतरवून पुन्हा चढवीत असत. कारखाना काढायचा, कच्चा माल बिनजकात आणायचा, तयार माल बाहेर पाठवायचा आणि त्यासाठी जमिनीचा एक तुकडा कुंपण घालून वेगळा करायचा, ही आधुनिक रीत शॅननने घालून दिली.

तिथली हकीकत अशी. अटलांटिक ओलांडणारी विमाने इंधन भरण्यासाठी शॅननला उतरत. तेथील खानपानव्यवस्था पाहणारे ब्रेंडन ओ’रेगन यांनी १९४७ साली विमानतळावर जगातील पहिले जकातमाफ दुकान उघडले. पण १९५८ पासून जेट विमाने अटलांटिकपार जाऊ लागली आणि ती न थांबता जाऊ शकत. विमानतळच बंद पडण्याची वेळ आली. त्या दशकात आयर्लंडमधून चार लाखांवर माणसे पोटासाठी इंग्लंड-अमेरिकेला गेली होती आणि १९६१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या अवघी २८ लाखांवर आली होती. त्या काळच्या आयरिश धर्मग्रामांत म्हातारी माणसे आणि लहान मुले तेवढी उरली होती. (पुढे आपल्याकडची तरुण पिढी आखातात गेली, तेव्हा आपल्याही काही धर्मग्रामांनी असे रविवार पाहिले आहेत.) ओ’रेगन यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये विमानतळालगत जकातमुक्त औद्योगिक क्षेत्र आणि ते चालविण्यासाठी एक विकास कंपनी सुरू झाली. माणसे परदेशी पाठविण्याऐवजी माल पाठवावा, एवढीच ती साधी कल्पना होती. ध्यानात घ्यावे की तिच्या मुळाशी कोणाची नफेखोरी नसून एका गरीब देशाची चिंता होती.

ही कल्पना झपाट्याने पसरली. तैवानमध्ये काओसिउंग १९६६ साली, दक्षिण कोरियात मासान १९७० साली, फिलिपिन्समध्ये बाताआन त्याच सुमारास. मॉरिशसने १९७० मध्ये कायदा करून तर सबंध बेटालाच अशी सवलत देऊ केली. गिरमिटाच्या काळात आपली मराठी माणसे ज्या बेटावरील उसाच्या मळ्यांत राबायला गेली, त्याच बेटावरून पुढे लोकरी कपडे युरोपला जाऊ लागले.

भारत या रांगेत मागे नव्हता. उलट कच्छमधील कांडला येथे १९६५ साली सुरू झालेले निर्यातप्रक्रिया क्षेत्र हे आशियातील पहिले मानले जाते. फाळणीने कराची बंदर गेले, म्हणून कांडला बंदर बांधले, निर्वासित सिंधी बांधवांसाठी शेजारी गांधीधाम वसले, आणि त्या वैराण भागाला काही काम मिळावे म्हणून हे क्षेत्र आले. परकीय चलनाची ओढाताण हे दुसरे कारण. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत यंत्रे मागवता मागवता १९५७ मध्येच गंगाजळी आटली होती. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. स्वातंत्र्याच्या वेळी जगाच्या निर्यातीत आपला वाटा सुमारे दोन टक्के होता. ऐंशीच्या दशकात तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास घसरला. आयातीवर बंदी, प्रत्येक गोष्टीला परवाना, देशातच सर्व बनवावे हा आग्रह, अशी ती वर्षे होती. या धोरणाची आता जी सरसकट टवाळी होते ती मला पटत नाही. दीडशे वर्षे परक्याच्या बाजारपेठेचे काम केलेल्या देशाला आपले पोलाद आपण करावेसे वाटणे स्वाभाविक होते. परंतु निर्यात करणाऱ्याची त्यात कुचंबणा होत होती, हेही खरेच.

तेव्हा सरकारने एक मधला मार्ग काढला. देशभराचे नियम तसेच ठेवायचे आणि एका भिंतीच्या आत ते शिथिल करायचे. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला होता. इलेक्ट्रॉनिक माल वजनाला हलका, किमतीला भारी, विमानाने पाठविण्याजोगा. विमानतळाजवळ जागा हवी होती आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने मरोळला वसाहत केलेलीच होती. १९७३ साली तिथे सुमारे शंभर एकरांवर ‘सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन’ सुरू झाले. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून लोकांनी त्याचे सीप्झ केले. वास्तविक जागा अंधेरीची. पण विमानतळाला सांताक्रूझ म्हणत, म्हणून नाव सांताक्रूझचे पडले. सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. नावे ठेवणाऱ्यांच्या हे ध्यानीमनीही नसेल, पण भिंतीच्या आत पवित्र क्रूस खरोखरच होता, रानवेलींखाली.

ज्या वर्षी सीप्झ उघडले त्याच १९७३ साली संसदेने परकीय चलन नियमन कायदा केला. त्यान्वये बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा लागला. भिंतीच्या आत मात्र शंभर टक्के परदेशी मालकी चालत होती. एकाच राज्यकारभाराने एका हाताने दार लावावे आणि दुसऱ्या हाताने खिडकी उघडावी, असा हा प्रकार होता.

आतील काम कसे होते ते मला माझ्या एका जुन्या धर्मग्रामातील भगिनीकडून कळले. ऐंशीच्या दशकात, लग्नापूर्वी, त्या सात वर्षे तिथल्या एका कारखान्यात होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा लावून बारीक तारा जोडायच्या. बोटे हलकी हवीत म्हणून मुलीच घेत, आणि मॅट्रिक झालेली, इंग्रजी सूचना वाचू शकणारी ख्रिस्ती मुलगी मुकादमांना पसंत असे. पगार वेळेवर मिळे. त्यातून त्यांनी धाकट्या भावाचे शिक्षण केले, घरावर कौले चढविली. डोळे अधू झाले ते नंतर. एका सोमवारी कामावर गेल्या तो दाराला कुलूप. मालकाने यंत्रे दुसऱ्या देशात हलविली होती. “वाईट काय नव्हतं फादर,” असे त्या म्हणाल्या, “फक्त आमचं असं काय नव्हतं.” त्या क्षेत्रातील उद्योगांना लोकोपयोगी सेवा ठरविण्यात आले होते. दूध, वीज, रेल्वे यांना लावतात तो हा शब्द. तो लागला की आगाऊ नोटिशीवाय संप बेकायदा ठरतो. परदेशी जाणारा रेडिओचा सुटा भाग लोकांच्या कोणत्या उपयोगाचा, हा प्रश्न त्या काळी युनियनवाल्यांनी विचारला होता.

तरीही सीप्झ अपयशी ठरले असे म्हणणे अन्यायाचे होईल. संगणकाच्या आज्ञावली लिहून परदेशी पाठविणाऱ्या देशातील अगदी आरंभीच्या कंपन्यांपैकी काही इथे वाढल्या. टाटा-बरोज ही त्यांपैकी एक. बंगळूरूचे नाव ऐकू येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. १९८७-८८ पासून जडजवाहिराच्या कारखान्यांना इथे जागा मिळाली आणि थोड्याच वर्षांत हिरेजडित दागिन्यांच्या निर्यातीचे सीप्झ हे देशातील एक प्रमुख केंद्र झाले. कांडल्याचे दैव वेगळे. तिथला बराचसा माल रुपयाच्या व्यवहारात सोव्हिएत संघाला जाई. १९९१ मध्ये तो देशच नाहीसा झाला आणि कांडल्याचे गिऱ्हाईक गेले. त्याच वर्षी आपली परकीय गंगाजळी दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि सोने गहाण टाकण्याची पाळी आली. सव्वीस वर्षे निर्यातक्षेत्रे चालवून आपण तिथेच येऊन पोहोचलो होतो.

असे का झाले? याचे उत्तर चीनकडे पाहिल्यावाचून मिळत नाही. १९८० साली चीनचे काही अधिकारी जगातील मुक्त क्षेत्रे पाहत हिंडत होते. त्यांतील एक जण शॅननला जाऊन, सर्व नीट विचारून, टिपून घेऊन गेला. त्याचे नाव जियांग झेमिन. पुढे तो चीनचा राष्ट्राध्यक्ष झाला. २६ ऑगस्ट १९८० रोजी ग्वांगडोंग प्रांतातील विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा मंजूर झाला. शेनझेन, जुहाय, शान्तोउ आणि शेजारच्या प्रांतातील शियामेन अशी ती पहिली चार क्षेत्रे. एकट्या शेनझेनचे क्षेत्र सुमारे ३२७ चौरस किलोमीटरचे होते, म्हणजे सीप्झच्या सातशे-आठशे पट. आपण भिंत घालून कारखान्यांचे आवार केले. त्यांनी सबंध शहर केले आणि तिथे केवळ जकात नव्हे, तर जमिनीचे, नोकरीचे, भांडवलाचे नवे नियम करून पाहिले, आणि जे चालले ते देशभर नेले. १९८७ च्या डिसेंबरात शेनझेनमध्ये जमिनीच्या वापरहक्काचा लिलाव झाला, तेव्हा साम्यवादी चीनच्या राज्यघटनेत त्याला जागा नव्हती. ती पुढच्या वर्षी करण्यात आली. शिवाय पलीकडे हाँगकाँग होते, तिथले भांडवल होते, आणि भाषाही एकच होती. १९८० मध्ये काही लाख वस्तीच्या त्या तालुक्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत पावणेदोन कोटींवर गेली. कोट्यवधी लोकांना या मार्गाने दारिद्र्यातून वर येता आले. ते नाकारणे म्हणजे गरिबाच्या सुखाला नाक मुरडणे होय.

पण त्या शहराच्या इतिहासात १९ नोव्हेंबर १९९३ ही तारीखही आहे. त्या दिवशी शेनझेनमधील एका खेळण्यांच्या कारखान्यात आग लागली. माल चोरीस जाऊ नये म्हणून खिडक्यांना गज होते आणि दारे बंद होती. ऐंशीहून अधिक कामगार मेले; बहुतेक सर्व खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुली. नाताळच्या खेळण्यांच्या ऑर्डरी कोणत्या महिन्यांत पुऱ्या होतात हे वाचकांस सांगावयास नको.

आपल्याकडे १९९१ नंतर देशाचेच दरवाजे उघडले, तेव्हा भिंतीची गरज हळूहळू संपत जाईल असे वाटले होते. घडले उलटे. तत्कालीन वाणिज्यमंत्री मुरासोली मारन चीनमधील क्षेत्रे पाहून आले आणि २००० च्या एप्रिलपासून विशेष आर्थिक क्षेत्राचे धोरण जाहीर झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी सीप्झही कागदोपत्री विशेष आर्थिक क्षेत्र झाले. २००५ मध्ये संसदेने फारशी चर्चा न करता त्याचा कायदा केला आणि १० फेब्रुवारी २००६ पासून तो अंमलात आला. आता खासगी कंपनीलाही असे क्षेत्र काढता येणार होते. त्यातील उद्योगाला निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण आणि पुढची पाच वर्षे निम्मी प्राप्तिकरमाफी होती. बहुविध उत्पादनाच्या क्षेत्राला किमान एक हजार हेक्टर जमीन लागे. त्यातील बराच भाग घरे, हॉटेले, बाजार यांना वापरण्याची मुभा होती. जाणत्यांनी तेव्हाच ओळखले की इथे माल कोणता निघेल ते निघो, जमीन मात्र नक्की निघेल. रिझर्व बँकेनेही २००६ मध्ये बँकांना कळविले की या क्षेत्रांना दिलेली कर्जे स्थावर मालमत्तेची कर्जे समजावीत. तीनेक वर्षांत औपचारिक मंजुऱ्यांची संख्या पाचशेच्या वर गेली.

सीप्झसाठी गेली ती जमीन शंभर एकर होती आणि ती गेली तेव्हा कोणी फारसा आवाज केला नव्हता. यावेळी तसे झाले नाही. पश्चिम बंगालमधील नंदीग्राम येथे १४ मार्च २००७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात चौदा माणसे मेली. तिथे रसायनांचे विशेष क्षेत्र होणार होते. त्यानंतर केंद्र सरकारने क्षेत्राला पाच हजार हेक्टरांची कमाल मर्यादा घातली, निम्मी जमीन तरी उत्पादनालाच वापरावी असे ठरविले आणि राज्य सरकारांनी यासाठी सक्तीने भूसंपादन करू नये असे सांगितले.

आपल्या शेजारी रायगड जिल्ह्यात पेण, उरण, पनवेल तालुक्यांतील ४५ गावांची जमीन महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी मुक्रर झाली होती. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे वयोवृद्ध नेते शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले. पेण तालुक्यातील काही गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. पाणी देऊ म्हणून धरण बांधले, आणि पाणी शेतापर्यंत पोहोचण्याच्या आधी शेतच मागितले, ही त्यांची व्यथा होती. २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने तिथे चक्क जनमत घेतले. विकासाचा प्रकल्प हवा की नको हे गावाला मतपत्रिकेने विचारण्याचा असा प्रसंग देशात क्वचितच आला असेल. लोकांचा कौल विरोधात गेला, आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील मुदत उलटून ते संपादन २००९ मध्ये बारगळले.

गोव्यात पंधरा क्षेत्रांना मंजुरी मिळाली होती. माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने गावोगाव सभा झाल्या, आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी ही सर्व क्षेत्रे रद्द करीत असल्याचे जाहीर केले. जमीन आधीच ताब्यात घेतलेल्या कंपन्यांशी पुढे कित्येक वर्षे न्यायालयांत झगडावे लागले, हा त्याचा उत्तरार्ध. गोराई-मनोरी-उत्तनच्या किनाऱ्यावर पर्यटनाचे विशेष क्षेत्र करण्याचा प्रस्ताव आला होता तो आपल्या वाचकांपैकी अनेकांनी स्वतः अनुभवला आहे. कोळी, शेतकरी, आगरी, ख्रिस्ती, हिंदू सारे एकत्र आले आणि तो प्रस्ताव पुढे सरकला नाही. त्याविषयी मी इथे अधिक लिहीत नाही. जे त्या मोर्च्यांत चालले त्यांनीच ते लिहावे.

या साऱ्या धामधुमीतून निघाले काय? महालेखापरीक्षकांचा २०१४ चा अहवाल सांगतो की अधिसूचित झालेल्या सुमारे ४५,६०० हेक्टरांपैकी ६२ टक्के जमिनीवरच प्रत्यक्ष काम सुरू झाले होते. उरलेली पडीक होती, आणि जी एकदा सार्वजनिक कारणासाठी म्हणून शेतकऱ्याकडून घेतली तिच्यातली काही पुढे क्षेत्रातून वगळून इतर वापरासाठी मोकळी करण्यात आली होती. जी क्षेत्रे खरोखर चालली त्यांतील बहुसंख्य संगणक-सेवांची, म्हणजे ज्या धंद्याला गोदी लागत नाही आणि खेड्यातील अल्पशिक्षित मुलीला जो काम देऊ शकत नाही त्याची. २०११ च्या अर्थसंकल्पाने या क्षेत्रांवर किमान पर्यायी कर बसविला. २०२० नंतर सुरू होणाऱ्या उद्योगांना प्राप्तिकरमाफी उरली नाही. अमेरिकेच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेच्या लवादाने ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी निर्णय दिला की निर्यातीवर अवलंबून असलेल्या भारताच्या या सवलती नियमबाह्य आहेत. भारताने त्यावर अपील केले. २०२२ च्या अर्थसंकल्पी भाषणात २००५ च्या कायद्याऐवजी नवा कायदा आणण्याची घोषणाही झाली.

चीनने मोठे केले म्हणून ते यशस्वी आणि आपण लहान केले म्हणून अपयशी, असे अनेक अर्थतज्ज्ञ म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. शेनझेनला जमीन कोणाला विचारून घ्यावी लागली नाही. पेणमध्ये विचारावे लागले आणि लोकांनी नाही म्हटले. ज्या देशात नाही म्हणता येते तिथे निर्यातीचा मार्ग लांबचा आणि खर्चाचा असणार. तो खर्च आपण मोजावा असे माझे मत आहे. मात्र पेणच्या त्याच शेतकऱ्याच्या मुलीला काम हवे आहे हेही मी विसरू शकत नाही. आमच्या त्या भगिनीने सीप्झमध्ये जाऊन भावाला शिकविले. शेतावर राहून तिला ते करता आले नसते. नाही म्हणून झाल्यावर त्या ४५ गावांत कोणते काम आले, याचा हिशेब शासनाने ठेवला नाही आणि आंदोलकांनीही ठेवला नाही.

सीप्झ आजही चालू आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईतील पहिली भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हा तिच्या एका स्थानकाला सीप्झ हेच नाव मिळाले. कोंडिवट्याचे नाव त्या नकाशावर नाही. सकाळच्या पाळीला दारावर आजही मुलींची रांग असते. आता त्या बहुतेक ख्रिस्ती नाहीत, आणि बहुतेक मरोळच्याही नाहीत. दूरच्या उपनगरांतून दोन-दोन तास प्रवास करून त्या येतात.

गेल्या खेपेस मिस्सा संपल्यावर मी मंदिराच्या भिंतीला हात लावून पाहिला. दगड उन्हाने तापला होता. पहारेकऱ्याने नम्रपणे घड्याळाकडे बोट दाखविले. परवानगी ठराविक वेळेपर्यंतच होती. आम्ही बाहेर पडलो आणि काही जण तसेच मरोळच्या ख्रिस्तमंदिरात गेलो. तिथे एका बालकाचा बाप्तिस्मा चालला होता. कुंड तेच, १८४० मध्ये कोंडिवट्याहून उचलून आणलेले. ज्या आजीबाईंनी मला शेत दाखविले होते, ते बाळ त्यांच्या नातीचे होते. बाळाचा बाप आखातात होता. त्याला सुट्टी मिळाली नव्हती.